फुली हलता कामा नये

अमर गावंडेच्या मानेतले दोन मणके नागपूरच्या डॉक्टरांनी एकमेकांना जोडून टाकले होते आणि वरून एक पट्टी स्क्रूनं आवळली होती. तीन वर्षांपूर्वी कापसानं भरलेल्या ट्रॉलीवर, अगदी वर, पाय सोडून बसून तो पुसदला जिनिंगवर निघाला होता. भरल्या ट्रॉलीवर बसू नये हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे, आणि सारा तालुका बसतो. चाक खड्ड्यात गेलं आणि अमर खाली आला. जीव वाचला, हातपाय चालते राहिले, हे काही कमी नव्हतं. फक्त मान वळेना. मागून कोणी हाक मारली की अमर सगळाच्या सगळा वळायचा. त्याची बायको निकिता म्हणायची, "आता कुठं हा माणूस बोलणाऱ्याकडं पुरं लक्ष देते."

त्याआधी अमर नेमबाज होता. गावाबाहेरच्या जुन्या खदानीत एक छोटा रायफल क्लब चालतो, तिथे पोटावर पडून पन्नास मीटरवरच्या काळ्या गोलात तो अशा गोळ्या बसवायचा की डोमाजीही मान डोलवत. डोमाजी म्हणजे क्लबचे सचिव. शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर, आणि त्यांनी मान डोलवणं म्हणजे दुसऱ्या कोणी ढोल वाजवण्यासारखं. पण पोटावर पडलं की मान मागे उचलावी लागते, आणि अमरची मान आता कोणाचं ऐकत नव्हती.

एक वाट उरली होती. टेबलापुढे बसायचं, रायफल रेतीच्या थैल्यांवर टेकवायची, वर दुर्बीण लावायची आणि मारायचं. क्लबातली म्हातारी मंडळी असंच मारत. क्लबचा नियम सरळ होता: तीन वर्षांत एकदा तरी दहा गोळ्यांत शंभरपैकी नव्वद गुण करून दाखवायचे, नाहीतर नाव कमी. अमरची तीन वर्षं येत्या रविवारी भरत होती.

नाव कमी झालं असतं तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. शेत होतं, कापूस वेचणीला आला होता, तूर फुलावर होती. पण घरी, शेतात, बाजारात, लग्नात, जिथं जाईल तिथं लोक आधी त्याच्या मानेची चौकशी करत आणि मग त्याची. खदानीत तेवढं कोणी विचारत नसे. तिथे सगळे फक्त टार्गेटचा कागद पाहत. ती एक जागा हातची जाऊ नये एवढंच त्याला वाटत होतं, आणि ते त्याला फार वाटत होतं.

दुर्बीण त्याला पूनमसिंगकाकांनी दिली होती. पूनमसिंग राठोड पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षं मिस्त्री होते. बंदुकांचा दवाखानाच म्हणा. आता तांड्यावर राहून लोकांचे फवारणी पंप दुरुस्त करायचे. दुर्बीण त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिलेली. हातभर लांब, काळी, बारीक नळी. खास निशाण्याच्या रायफलीसाठी परदेशात बनलेली, आणि वयानं स्वतः काकांच्या बरोबरीची. ती त्यांनी "ने, वापर" म्हणून दोन महिन्यांपूर्वी सहज अमरच्या हातात ठेवली होती.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. अमरनं त्या दुर्बिणीनं दहा गोळ्या मारल्या आणि गुण भरले एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी अडुसष्ट. डोमाजी म्हणाले, "होते कधी कधी." त्यांनी एवढं मऊ बोलावं हेच अमरला जास्त लागलं. घरी येऊन तो निकिताला म्हणाला, "माही मानच बेईमान झाली. आता नाही जमत."

"नाही जमत तं नाही जमत," निकिता म्हणाली. "पण काकांची वस्तू घरात ठेवू नका. उद्या नेऊन द्या. अन् तो टार्गेटचा कागद बी न्या संगं, त्यायले दिसू द्या का तुमी मेहनत केली."

निकिताचं हे एक वाक्य नसतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. अमर आजही ते कबूल करतो, तिच्यासमोर नव्हे, पण करतो.

तांड्यावर पूनमसिंगकाका टिनाच्या मांडवाखाली एका पंपाचं पोट उघडून बसले होते. अमरनं दुर्बीण पुढे केली.

"काहून आणली? चावली का तुले?"

"जमून नाही राह्यलं काका. मान हलते."

काकांनी दुर्बीण घेतलीच नाही. त्यांनी कागद घेतला आणि उन्हात धरला. मग खिशातली पेन्सिल काढून एका टोकाच्या भोकापासून दुसऱ्या टोकाच्या भोकापर्यंत त्यांनी आडवी रेघ ओढली. दहाच्या दहा भोकं त्या रेघेच्या आजूबाजूला होती, वेलावर शेंगा असाव्यात तशी.

"खालीवर काहीच नाही," काका म्हणाले. "सगळी गडबड आडवी. हात थरथरला असता तं चारी बाजूले उधळल्या असत्या. तुही मान कोणीकडं जाते?"

"बाजूले. दुखली का डावीकडं कलते, जरा बरं वाटलं का उजवीकडं."

"आडवी," काका म्हणाले, आणि पंप तसाच उघडा टाकून उठले.

त्यांनी पन्नास मीटर मोजले. टेप नव्हती, पावलं होती. पोलिसातल्या माणसाची पावलं सारखी पडतात. समोरच्या देवळाच्या भिंतीवर अमरकडचं एक कोरं टार्गेट चिकटवलं. मांडवाखालच्या बाजेसमोर टेबल ओढलं, त्यावर तुरीनं भरलेल्या दोन थैल्या ठेवल्या आणि त्यांच्या मधल्या खाचेत दुर्बीण अशी घट्ट बसवली की कोंबडी वरून गेली तरी हलू नये. एक कोंबडी गेलीही.

"आता पाह्य. हात लावायचा नाही. टेबलाले टेकायचं नाही. फुली कोठी हाय?"

"गोलाच्या मधात."

"आता डोकं उजवीकडं ने. सावकाश."

मान वळत नसली तरी कमरेतून कलता येतं. अमर उजवीकडे कलला. दुर्बिणीतली बारीक काळी फुली मधल्या गोलावरून सरकत सरकत डावीकडे चालली होती. तो डावीकडे कलला. फुली उजवीकडे आली.

"म्या हात नाही लावला, काका."

"माहीत हाय."

"दुर्बीण बी नाही हलली."

"नाही."

"मंग फुली काहून हलते?"

"हलत नाही. हलल्यासारखी दिसते, अन् तू दिसते तिथी मारतं." काकांनी त्याच्या डोळ्यासमोर आपलं जाडजूड बोट धरलं. "एक डोळा मीट. बोट अन् मागचं देऊळ पाह्य. आता कल. बोट देवळावरून सरकलं का नाही?"

"सरकलं."

"तेच बोट म्या देवळाच्या भिंतीवर टेकवलं तं?"

अमरनं क्षणभर विचार केला. "मंग कायले सरकन?"

"बस. दुर्बिणीच्या पोटात टार्गेटचं चित्र एका जागी पडून राह्यलं अन् फुली दुसऱ्या जागी. दोघायले एका भिंतीवर आणायचं. मंग तू कसाही कल, फुली हलणार नाही. पुस्तकात त्याले पॅरालॅक्स म्हणतात. आमचे उस्ताद म्हणत, फुली हलता कामा नये. धडधाकट माणसाचा गाल दर वेळी रायफलीच्या दस्त्यावर त्याच जागी पडते, म्हणून त्याचा हा रोग झाकून जाते. तुहा गाल रोज नवीन जागी. तुले दुर्बीण साफ पाहिजे."

अमर बाजेवर बसला. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात, आणि तसं कोणी म्हणू नये म्हणून त्यानं अंगणाकडे कधी पाहिलंच नव्हतं. इथे अंगण खरंच वाकडं निघालं होतं. चोर सोडून त्यानं संन्याशाला, म्हणजे आपल्याच मानेला, रोज फाशी दिली होती.

"काका," तो म्हणाला, "म्या दोन महिन्यांपासून माह्या मानेले शिव्या देऊन राह्यलो."

"तिची माफी नंतर मांग. पह्यले हे सांग, मागची काच कोणी फिरवली?"

"म्या. टार्गेट धुरकट दिसे. मागची काच फिरवली तं साफ दिसलं."

काकांनी कपाळावर हात मारला. "टार्गेट साफ केलं अन् रोग आत कोंडला. मागची काच टार्गेटसाठी नसते रे बापा, ते फुलीसाठी असते. टार्गेटसाठी पुढचं कडं असते. ते काहून नाही फिरवलं?"

"ते फिरते? मले वाटलं ते पक्कं हाय."

काका हसले. मग त्यांनी पुढच्या काचेजवळचं कडं चिमटीत धरून फिरवलं आणि त्यांचं हसू थांबलं. कडं फिरेना. फडकं गुंडाळून फिरवलं. फिरेना. नखानं खरवडलं तर नखात लालभडक, चिकट, मेणासारखं काहीतरी आलं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं. शेंदूर आणि तूप.

नेमक्या त्याच वेळी लालीबाई चहा घेऊन आल्या. पूनमसिंगकाकांची बायको, बोलण्यात मऊ, कामात कडक. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ताटली खाली ठेवली. "कांई छ?" त्यांनी आपल्या गोरबोलीत विचारलं.

काय होतं ते सांगावं लागलं नाही. शस्त्रागारात दर दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची. काका निवृत्त झाले तेव्हा सरकारी हत्यारं सरकारकडे राहिली, घरी आली ती एवढी दुर्बीण. लालीबाईंनी तिला दसऱ्याच्या पाटावर विळा, कोयता आणि फवारणी पंपाच्या मधोमध मानाची जागा दिली. तुपात कालवलेला शेंदूर लावायचा कुठे, तर पुढच्या कड्याला. त्यावर नक्षी होती, त्यांच्या मते तो तिचा गळा होता. एकेक दसरा करत बावीस वर्षांचा शेंदूर त्या नक्षीत आणि नक्षीखालच्या स्क्रूच्या आट्यांत जाऊन बसला होता. देवाचं म्हणून कोणी पुसला नाही. नक्षी म्हणजे खरं तर अंतराचे कोरलेले आकडे होते.

"म्हंजे माह्या हातानं पोराचा नेम बिघडला?" लालीबाई म्हणाल्या.

पूनमसिंगकाकांचा आवाज तांड्याच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जातो. त्या दिवशी तो शेजारच्या बाजेपर्यंतही गेला नाही. "तुह्या नाही," ते म्हणाले. "तीस वर्षं पोलिसायले शिकवलं का कडं फिरतं ठेवा. घरी एकदा फिरवून नाही पाह्यलं. तू पूजा करत होती, मले बरं वाटे. अन् याले देतानी बी नाही तपासली. माही चूक हाय."

"मागची काच म्या फिरवली, काकी," अमर म्हणाला. "त्यायच्यापेक्षा माही मोठी."

चुकीचे एवढे धनी एका मांडवाखाली क्वचितच भेटतात. पण लालीबाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी पदर खोचला, जुन्या लुगड्याचा धडपा आणला, वाटीत जरासं रॉकेल घेतलं आणि म्हणाल्या, "म्या लावलं, म्या काढन."

काकांनी पुढच्या काचेवर फडकं बांधून दिलं, रॉकेलचा थेंब आत जायला नको म्हणून. लालीबाईंनी केसातली पिन काढली, तिच्या टोकाला धडपा गुंडाळला आणि एकेक आकडा, एकेक रेघ कोरून काढायला बसल्या. ऊन मांडवाच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलं. अमरनं मदत करतो म्हटलं तर त्यांनी पाहिलंही नाही. शेवटी कडं करकरलं आणि बोटभर फिरलं. मग आणखी. काकांनी ते पूर्ण उतरवून आतले आटे पाहिले आणि अमरला दाखवले. बावीस पावसाळे खाल्लेली वस्तू, आणि आटे कोऱ्या नाण्यासारखे चमकत होते.

"जंगाचा ठिपका नाही," काका म्हणाले. "तुपानं अडकवलं खरं, पण तुपानंच वाचवलं. पाह्य लाली."

लालीबाईंनी पाहिलं. पण तोंडावरची काळजी काही गेली नाही. "रविवारी पाह्यू," एवढंच म्हणाल्या.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. काकांनी आधी अमरला दुर्बीण मोकळ्या आभाळाकडे धरून मागची काच जुळवायला लावली. टार्गेट नाही, झाड नाही, फक्त आभाळ आणि फुली. "टक लावून पाहू नको. डोळा लबाड असते, धुरकट बी साफ करून दाखवते. पाह्य अन् डोळा काढ. पुन्हा पाह्य. पह्यल्या झटक्यात फुली काळीकुळकुळीत दिसली पाहिजे." सातआठ वेळा तसं केल्यावर फुली नव्या सुईसारखी दिसू लागली. मग त्या काचेला हात लावायची अमरला बंदी झाली.

मग दुर्बीण पुन्हा तुरीच्या थैल्यांत. पुढचं कडं आतापर्यंत सगळ्यात जवळच्या खुणेवर अडकलेलं होतं, पंधराएक मीटरच्या. अमरनं ते आनंदानं फिरवून पन्नासच्या आकड्यावर आणलं आणि म्हणाला, "झालं."

"कलून पाह्य."

तो कलला. फुली थोडी, पण हललीच.

"आकडा बरोबर हाय, काका!"

"आकडा वारात, म्हंजे यार्डात हाय, तू मीटरात मोजतं. अन् ज्यानं आकडा कोरला त्यानं तुहा डोळा पाह्यला होता का? आकडा रस्ता दाखवते, घरी नेत नाही. तू उजवीकडं गेला तं फुली कोणीकडं गेली?"

"डावीकडं."

"म्हंजे अजून जवळ हाय. दूर ने. केसभर."

अमरनं नेलं. कलला. पुन्हा नेलं. एकदा जास्तच नेलं, तर फुली उलटी त्याच्याबरोबरच चालू लागली. तो उजवीकडे तर तीही उजवीकडे. काकांनी मागे आणायला लावलं, पार मागे, आणि पुन्हा त्याच बाजूनं पुढे यायला लावलं, कारण जुन्या आट्यांत थोडी ढील असते. दिवस कलायला आला होता. अमर उजवीकडे कलला, डावीकडे कलला, उठून अर्धा उभा राहिला, खाली वाकला. फुली गोलाच्या मध्यावर होती. तो पुन्हा कलला. फुली तिथेच. एवढ्या वर्षांत त्याच्या शरीराला कोणी म्हटलं नव्हतं की तू जसं आहेस तसं चालेल. ही काळी नळी तेच म्हणत होती. त्याला एकदम भरून आलं, आणि डोळा ओला झाल्यावर दुर्बिणीतून काही दिसत नाही हेही त्याला त्या दिवशी कळलं.

काकांनी कड्यामागची पकड आवळली. आवळताना कडं किंचित सरकतं म्हणून पुन्हा एकदा कलून पाहायला लावलं, आणि मगच दुर्बीण फडक्यात गुंडाळून दिली.

रविवारी खदानीत वीसेक माणसं होती. पूनमसिंगकाका आले होते आणि लालीबाईही. पण त्या टार्गेटच्या बाजूला आल्याच नाहीत. दूर एका दगडावर खदानीकडे पाठ करून बसल्या.

दुर्बीण जुळवायला मिळणाऱ्या पाच गोळ्यांत अमरनं वरखाली, डावंउजवं बसवून घेतलं. मग डोमाजींनी नवा कागद लावला, घड्याळ पाहिलं आणि "सुरू" म्हणाले.

पहिल्या चार गोळ्या नीट गेल्या. पाचवीच्या वेळी मान धरली. डाव्या खांद्यापासून कानापर्यंत तार ओढल्यासारखी कळ निघाली आणि डोकं आपोआप कललं. दुर्बिणीत एका कडेला काळी सावली आली. पूर्वीचा अमर इथे थांबला असता, मान सरळ करायला धडपडला असता आणि धडपडीत सगळं घालवलं असतं. त्यानं फक्त फुलीकडे पाहिलं. ती गोलाच्या मध्यावर होती. डोकं जिथे होतं तिथेच राहू देऊन त्यानं घोडा दाबला. सहावी, सातवी, आठवी त्यानं तशीच वाकड्या डोक्यानं मारली. नवव्या गोळीला बोट घाईत दाबलं गेलं, ती चूक त्याची स्वतःची होती. दहावी मारून तो मागे टेकला. पाठ घामानं भिजली होती.

डोमाजींनी कागद आणला, भिंग लावलं, एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. कवायतीचा मास्तर घाई करत नाही.

"त्र्याण्णव," ते म्हणाले, आणि त्यांनी मान डोलवली.

लोकांनी पाठ थोपटली, पूनमसिंगकाकांनी एक शिवी हासडली, तीही प्रेमाची. अमर सगळाच्या सगळा वळला आणि त्या दगडाकडे चालत गेला. लालीबाईंनी त्याची पावलं ऐकली, पण वळून पाहिलं नाही.

"चुकलं का रे बाबू?"

"त्र्याण्णव झाले, काकी. नाव राह्यलं."

लालीबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. अमर त्यांच्यासमोर दगडावर बसला. त्यानं वाटेत बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरला आणि मनात होतं ते बोलला. "ऐंशी झाले असते तरी म्या तुमच्याकडंच आलो असतो. नागपूरहून आलो तेव्हापासून मले वाटे, मीच बिघडलेला हाय. काकानं अन् तुमी दाखवलं का नाही. हे तुमचं म्या कसं फेडू?"

"फेडायचं काय त्यात," लालीबाई म्हणाल्या. "म्या तं नुसतं पुसलं." मग डोळे पुसून त्यांनी खदानीकडे पहिल्यांदा पाहिलं आणि जरा लाजत विचारलं, "त्यातून दिसते तरी कसं?"

"तुमी कधी पाह्यलं नाही?"

"पूजेची वस्तू. तिले डोळा कोण लावन?"

अमर त्यांना घेऊन टेबलाशी आला. रायफल रिकामी आहे हे डोमाजींनी स्वतः उघडून पाहिलं, आणि अमरचा त्र्याण्णवचा कागद पुन्हा पन्नास मीटरवर नेऊन लावला. लालीबाई खुर्चीवर बसल्या. पदर सावरून त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा काचेशी नेला. मग कोणी सांगितलं नसताना त्या उजवीकडे कलल्या, डावीकडे कलल्या, परत उजवीकडे.

"नाही हलत रे," त्या म्हणाल्या.

मागे पुढचा नेमबाज आपली पेटी घेऊन उभा होता. अमरनं त्याला हातानं खूण केली, जरा थांब म्हणून.